थांबवलेला रिपोर्ट

एकाच नळीतल्या रक्ताची साखर एकाच यंत्रावर लागोपाठ दहा वेळा मोजली, तर दहा वेगवेगळे आकडे हाती येतात. ९८, १०१, ९९, १०२ असे ते एकमेकांच्या आसपास असतात, पण तंतोतंत सारखे कधीच नसतात. पिपेटने उचललेल्या थेंबात कणभर फरक पडतो, रीएजंटचे तापमान थोडे सरकते, यंत्रातला दिवा जुना होत जातो. ही चंचलता प्रत्येक मोजमापाला चिकटलेली असते आणि ती शून्यावर आणता येत नाही. किती चंचलता चालेल हे आधी ठरवणे, ती रोज मोजणे आणि मर्यादा ओलांडली गेली की काम थांबवणे, याला प्रयोगशाळेतले गुणवत्ता नियंत्रण म्हणतात. यातले पहिले दोन भाग आता बरेचसे यंत्राने आणि संगणकाने उचलले आहेत. तिसरा अजून माणसाच्याच हाती आहे आणि घोळ होतो तो बहुधा तिथेच. म्हणून लॅबची पारख करताना तिच्याकडे कोणते यंत्र आहे हा प्रश्न दुय्यम ठरतो. तिथल्या टेक्निशियनला रिपोर्ट थांबवता येतो का, आणि त्याने तो गेल्या महिन्यात किती वेळा थांबवला, हे आधी पाहायला हवे.

मोजमापातले दोष दोन जातींचे असतात. आकडे खऱ्या किमतीच्या दोन्ही बाजूंना विखुरतात, हा एक. सगळेच आकडे एका बाजूला झुकतात, हा दुसरा. पहिल्याचा फटका एकेकट्या रुग्णाला बसतो. काल १.१ असलेले क्रिएटिनिन आज १.४ दिसते आणि मूत्रपिंड बिघडत चालल्याची शंका घेऊन औषध बदलले जाते; प्रत्यक्षात बदललेले काहीच नसते. दुसऱ्याचा फटका सगळ्या गावाला बसतो. रीएजंटचा नवा लॉट आठ टक्के चढा निघाला, तर त्या लॅबमध्ये तपासणी करून घेणाऱ्यांपैकी मधुमेहींची संख्या एका रात्रीत वाढते. विखुरणे नजरेला लवकर जाणवते. झुकणे मात्र आतून सहज दिसत नाही, कारण सगळे आकडे एकमेकांशी छान जुळत असतात.

हे दोष ओळखण्याची रीत टेलिफोनच्या कारखान्यातून आली. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शुहार्ट यांनी १९२४ च्या मे महिन्यात आपल्या वरिष्ठांना जेमतेम पानभराचे टिपण पाठवले. त्यात एक आलेख होता: मधोमध सरासरीची रेषा, वर आणि खाली मर्यादेच्या रेषा, आणि रोजच्या मोजमापाचा एकेक ठिपका. मर्यादेच्या आतली हालचाल ही प्रक्रियेची स्वाभाविक धुसफूस, तिच्या मागे लागू नये. बाहेर गेलेल्या ठिपक्याला मात्र काहीतरी शोधण्याजोगे कारण असते, ते शोधावे, एवढाच त्याचा आशय. १९४७-४८ मध्ये शुहार्ट प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने भारतातही येऊन गेले. त्यांचा विषय तेव्हा कारखाने हाच होता. रक्त-लघवी तपासणाऱ्यांचा त्याच्याशी काही संबंध आहे असे कोणाला वाटत नव्हते.

तो संबंध जोडला गेला एका नामुष्कीमुळे. विल्यम बेल्क आणि विल्यम संडरमन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना तपासणीसाठी सारखेच नमुने पाठवले आणि आलेले निकाल १९४७ साली प्रसिद्ध केले. एकाच द्रावणाचे आकडे प्रयोगशाळेगणिक इतके बदलत होते की, त्यांच्या आधारे उपचार करणे धोक्याचे ठरावे. तीन वर्षांनी, १९५० मध्ये, स्टॅनली लेव्ही आणि ई. आर. जेनिंग्ज यांनी शुहार्ट यांचा आलेख क्लिनिकल प्रयोगशाळेत आणला. कारखान्याने सव्वीस वर्षे वापरलेली गोष्ट रुग्णाच्या वाट्याला इतक्या उशिरा आली. आज जगभरच्या लॅबमध्ये भिंतीवर किंवा संगणकाच्या पडद्यावर दिसणारा ‘एलजे चार्ट’ तो हाच.

चार्टवरच्या ठिपक्याची सुरुवात सकाळी, रुग्णांचे नमुने यंत्रावर चढवण्याआधी लावलेल्या कंट्रोलने होते. कंट्रोल म्हणजे ज्यातल्या घटकांचे प्रमाण साधारण ठाऊक आहे असे सीरम. बहुधा ते भुकटीच्या रूपात बाटलीतून येते. एक पातळी निरोगी माणसाच्या आकड्यांजवळची, दुसरी आजारी माणसाच्या. भुकटीत ठरलेले पाणी, समजा पाच मिलिलिटर, अचूक पिपेटने घालायचे, बाटली न हलवता हलक्या हाताने फिरवायची, फेस येऊ द्यायचा नाही आणि भुकटी पूर्ण विरघळेपर्यंत, सुमारे अर्धा तास, थांबायचे. मग लहान कुप्यांत भरून गोठवायचे आणि रोज एकेक कुपी काढायची. कामाच्या घाईत पहिला बळी जातो तो याच अर्ध्या तासाचा. पाणी ०.१ मिलिलिटर जास्त पडले, तरी त्या बाटलीतला प्रत्येक घटक दोन टक्क्यांनी पातळ होतो. साखर, युरिया, कॅल्शियम, प्रथिने सगळेच एका दिवशी थोडेथोडे खाली आले, तर अनुभवी टेक्निशियन यंत्राकडे वळण्याआधी बाटली कोणी बनवली ते विचारतो.

हाच कंट्रोल निदान वीस दिवस चालवला की त्या लॅबची स्वतःची सरासरी आणि स्वतःचे प्रमाण विचलन, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘एसडी’, हाती येतो. साखरेच्या कंट्रोलची सरासरी १०० आणि एसडी २ निघाला असे धरले, तर शंभरातले सुमारे पंचाण्णव ठिपके ९६ ते १०४ च्या पट्ट्यात पडायला हवेत आणि ९४ ते १०६ च्या बाहेर हजारात तीनच. आता एखाद्या महिन्यातले ठिपके असे पडले: १०१, ९९, १००, ९८, १०२, आणि पुढे १०२, १०३, १०२, १०१, १०३, १०२, १०३, १०१, १०२. एकही ठिपका १०४ च्या वर नाही. फक्त आजचा आकडा पाहणारा प्रत्येक दिवशी ‘ठीक आहे’ असे लिहून पुढे जाईल. पण शेवटचे दहा ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला आहेत. निव्वळ योगायोगाने दहाही ठिपके वरच्या बाजूला पडण्याची शक्यता हजारात एक. म्हणजे काहीतरी सरकले आहे. रीएजंटची बाटली कधी बदलली, कॅलिब्रेशन कधी झाले, हे नोंदवहीत पाहिले की कारण बहुतेक वेळा तासाभरात सापडते. आलेखाचा खरा उपयोग हा आहे. आजच्या ठिपक्याला अर्थ येतो तो मागच्या ठिपक्यांमुळे, आणि म्हणून महिन्याच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेला चार्ट हा कोऱ्या कागदापेक्षा वाईट असतो.

ठिपक्यांच्या कोणत्या मांडणीला दोष म्हणायचे याचे नियम विस्कॉन्सिन विद्यापीठातले जेम्स वेस्टगार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये एकत्र मांडले. तीन एसडीच्या बाहेर एक ठिपका गेला तर रन, म्हणजे नमुन्यांची ती खेप, बाद. लागोपाठ दोन ठिपके एकाच बाजूला दोन एसडीच्या बाहेर गेले तर बाद. एका पातळीचा कंट्रोल दोन एसडी वर आणि दुसऱ्याचा त्याच रनमध्ये दोन एसडी खाली गेला तर बाद. दहा ठिपके एकाच बाजूला पडले तरी बाद. दोन एसडीच्या बाहेर एकटाच ठिपका पडला तर मात्र ती केवळ सूचना आहे; थांबून बाकीचे नियम तपासायचे. या शेवटच्या बारकाव्याकडे बहुसंख्य लॅबनी दुर्लक्ष केले, आणि त्याचे परिणाम दूरवर गेले.

हिशेब साधा आहे. दोन एसडीच्या बाहेर गेलेला प्रत्येक ठिपका चूक मानला, तर सगळे सुरळीत असतानाही एक कंट्रोल शंभरात साडेचार वेळा बाहेर जाणार. दोन पातळ्या चालवल्या तर ते प्रमाण नऊ टक्क्यांच्या घरात जाते. वीस चाचण्या चालवणाऱ्या लॅबमध्ये मग जवळजवळ रोज कोणती तरी चाचणी ‘आउट’ दाखवते. रोज लांडगा आला म्हणून ओरड झाली की माणसे काठी उचलणे सोडून देतात. टेक्निशियन कंट्रोल पुन्हा लावतो, दुसऱ्या वेळी तो आत येतो, काम सुरू होते. हळूहळू ‘आउट गेला की रिपीट’ हीच रीत बनते आणि नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात हेच शिकवले जाते.

या रिवाजात काय बिघडते ते पाहण्यासाठी यंत्र खरोखरच दोन एसडीने वर सरकले आहे असे धरावे. अशा यंत्रावर कंट्रोल लावला तर निम्म्या वेळा तो मर्यादेच्या आत येईल आणि निम्म्या वेळा बाहेर जाईल. तीनदा लावला तर निदान एकदा तो आत येण्याची शक्यता आठात सात आहे. म्हणजे आत येईपर्यंत कंट्रोल लावत राहणे ही बिघडलेल्या यंत्राला हमखास उत्तीर्ण करण्याची पद्धत झाली. तिच्यात कोणी खोटे बोलत नाही. प्रत्येक आकडा यंत्राने खरोखर दिलेला असतो. बेइमानीशिवाय झालेली ही फसवणूक जास्त टिकाऊ असते, कारण ती करणाऱ्याला टोचत नाही. तिचा उतारा कडक मर्यादेत नाही. नियम आधी ठरवावेत, खोटी ओरड कमी करणारे नियम निवडावेत आणि एकदा रन बाद ठरला की कारण सापडेपर्यंत रुग्णाचा आकडा बाहेर जाऊ देऊ नये, एवढाच तो आहे. आकडा पाहिल्यानंतर ठरवलेला नियम हा नियमच नव्हे.

दुसरी पळवाट त्याहून सभ्य दिसते. कंट्रोलच्या बाटलीसोबत कंपनीचा एक कागद येतो आणि त्यात प्रत्येक चाचणीची अपेक्षित कक्षा छापलेली असते. अनेक प्रयोगशाळांतले, अनेक यंत्रांवरचे आकडे धरून ती काढलेली असल्यामुळे ती ऐसपैस असते. साखरेची कक्षा ८५ ते ११५ छापलेली आहे आणि लॅबने तीच दोन एसडीची मर्यादा म्हणून भरली, असे समजू. म्हणजे एसडी साडेसात झाला; त्या यंत्राचा खरा एसडी मात्र २ आहे. आता यंत्र सरकून कंट्रोल ११० दाखवू लागले, म्हणजे स्वतःच्या हिशेबाने पाच एसडी दूर गेले, तरी चार्टवर सगळे हिरवे. त्याच यंत्रावर उपाशीपोटी ११८ साखर असलेल्या माणसाचा रिपोर्ट १३० च्या आसपास येतो. १२६ ही मधुमेहाची सीमा. खात्री करण्यासाठी डॉक्टरने पुन्हा तपासणी सांगितली, तर ती बहुधा त्याच लॅबमध्ये होते आणि पुन्हा १३० च येतात.

कंट्रोल चालवणे आणि कंट्रोलचे ऐकणे यातले अंतर किती मोठे असू शकते याचा सर्वांत गाजलेला दाखला थेरानोस ही अमेरिकी कंपनी आहे. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबभर नमुन्यावर चाचण्या करण्याचा तिचा दावा होता आणि बाजाराने तिचे मूल्य नऊ अब्ज डॉलरपर्यंत नेले होते. २०१५ च्या अखेरीस केंद्रीय निरीक्षकांनी कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेची तपासणी केली. कंपनीच्या स्वतःच्या यंत्रांवर कंट्रोल चालवले जात नव्हते असे नाही; ते चालवले जात होते, त्यांच्या नोंदी होत्या आणि एका महिन्यात त्यातले २९ टक्के कंट्रोल मर्यादेबाहेर गेल्याचे त्या नोंदींतूनच दिसले. तरीही रुग्णांचे रिपोर्ट बाहेर पडत राहिले. पुढे २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत त्या यंत्रांवर झालेल्या सगळ्या चाचण्यांचे निकाल कंपनीला रद्द करावे लागले. या प्रकरणावरची बहुतेक चर्चा संस्थापिकेच्या खोट्या दाव्यांभोवती आणि तिला झालेल्या शिक्षेभोवती फिरली. लॅबच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळी आहे: कंट्रोलने आपले काम चोख केले होते. थांबण्याची परवानगी कोणाला नव्हती.

अर्थात कंट्रोलने सगळे सांगावे अशी अपेक्षाही चुकीची आहे. तो यंत्राजवळ जन्मतो आणि यंत्राजवळच संपतो. इटलीत पादुआच्या रुग्णालयात मारिओ प्लेबानी आणि सहकाऱ्यांनी तातडीच्या प्रयोगशाळेतल्या चुकांचा माग काढला, तेव्हा त्यातल्या ६८ टक्के चुका नमुना यंत्रावर जाण्याच्या आधीच्या निघाल्या. हा अभ्यास १९९७ सालचा. दहा वर्षांनी तो पुन्हा केला, तेव्हाही हे प्रमाण ६२ टक्क्यांजवळ होते. यंत्रे सुधारली, सुई टोचण्यापासून नळी पोहोचेपर्यंतचा रस्ता फारसा सुधारला नाही.

तो रस्ता महाराष्ट्रात लांब असतो. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी आठला घेतलेले रक्त दुचाकीवरून किंवा एसटीने शहरातल्या लॅबमध्ये पोहोचेपर्यंत अकरा वाजतात. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. खोलीच्या तापमानाला दर तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. १३० साखर असलेल्या माणसाचे रक्त साध्या नळीत, म्हणजे लॅबच्या बोलीत बल्बमध्ये, तीन तास राहिले, तर ती १०८ च्या आसपास येते. यंत्र उत्तम, कंट्रोल उत्तम, चार्ट नमुनेदार, आणि एक मधुमेही ‘नॉर्मलच्या जवळ’ म्हणून घरी जातो. यासाठी फ्लोराइडचा बल्ब असतो, पण त्यालाही साखरेची घट पूर्ण रोखायला तास-दोन तासांहून जास्त वेळ लागतो. रक्त लवकर फिरवून सीरम वेगळे करणे किंवा नळी थंड ठेवणे याला पर्याय नाही.

नमुन्याची आणखी एक चूक ओळखायला फार सोपी असते आणि तरीही सुटते. रक्तपेशी मोजणाऱ्या सीबीसी चाचणीसाठी रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या, जांभळ्या बुचाच्या बल्बमध्ये रक्त घेतले जाते. साध्या बल्बमध्ये रक्त कमी पडले म्हणून रक्त घेणारा जांभळ्यातले थोडे त्यात ओततो. ईडीटीए पोटॅशियमचा क्षार असल्याने पोटॅशियम भलतेच वाढलेले आणि कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज खाली कोसळलेले येते. जिवंत माणसात न शोभणारी ही जोडी दिसली की नमुना परत मागवायला हवा. हे काम कंट्रोलचे नाही, रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टरच्या डोळ्यांचे आहे. सही स्कॅन करून आधीच चिकटवलेली असेल तर ते डोळे तिथे नसतात.

तिसरा प्रकार नमुन्याच्याही आधीचा. विदर्भात आणि नंदुरबार परिसरात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात. त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारे एचबीए१सी खऱ्यापेक्षा कमी येते, मग चाचणीची पद्धत कितीही चांगली असो. काही पद्धतींमध्ये सिकलचे हिमोग्लोबिन मोजमापातच अडथळा आणते. तिथे अचूक मोजलेला आकडाही दिशाभूल करतो, आणि त्या भागातल्या लॅबने रिपोर्टखाली तशी ओळ लिहिणे हा गुणवत्तेचाच भाग ठरतो.

पहिल्या दिवसापासून एका बाजूला झुकलेला दोष लॅबच्या स्वतःच्या चार्टवर दिसत नसल्यामुळे बाहेरचा डोळा लागतो. बाह्य गुणवत्ता मूल्यमापनात एक संस्था सर्व सहभागी लॅबना सारखाच नमुना पाठवते आणि प्रत्येकीचा आकडा इतरांशी ताडून पाहते. भारतात जीवरसायनासाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची आणि रक्तशास्त्रासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ची योजना अनेक वर्षे चालू आहे, आणि त्यांचे शुल्क लहान लॅबलाही पेलण्याजोगे आहे. अशा योजनांनाही एक रोग आहे. बाहेरून आलेला नमुना सगळ्यांत अनुभवी माणसाकडे दिला जातो, ताज्या कॅलिब्रेशननंतर दोनदा-तीनदा लावला जातो, कधी शेजारच्या लॅबला फोन करून त्यांचा आकडा विचारला जातो. मग प्रमाणपत्र मिळते ते लॅबच्या सर्वोत्तम दिवसाचे. रुग्णाला मात्र तिचा सर्वसाधारण दिवस मिळतो. नमुना रोजच्या रांगेत, रोजच्या माणसाकडे जाऊ देणारी लॅब अधूनमधून नापास होते, आणि तिच्यावर जास्त विश्वास टाकायला हरकत नसावी.

थांबण्याची किंमत काय आणि न थांबण्याची काय, हे कोविडच्या काळात दोन देशांत लागोपाठ दिसले. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने आपले चाचणी किट राज्यांच्या प्रयोगशाळांना पाठवले. रुग्णांवर वापरण्याआधी पडताळणी करताना अनेक ठिकाणी निगेटिव्ह कंट्रोल, ज्यात विषाणूचा अंशही नसतो, तोच पॉझिटिव्ह आला. प्रयोगशाळांनी किट बाजूला ठेवले आणि कळवले. ऐन साथीच्या तोंडावर काही आठवडे वाया गेले, आणि त्याबद्दल केंद्रावर झालेली टीका योग्यच होती. पण खोटे पॉझिटिव्ह रिपोर्ट लोकांच्या हाती पडले नाहीत. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून उलट घडले. वॉल्व्हरहॅम्प्टन इथल्या एका खासगी प्रयोगशाळेत पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्यातली सीमारेषाच चुकीची लावली गेली. सुमारे ३९ हजार नमुने खोटे निगेटिव्ह ठरले. घरी केलेली झटपट चाचणी पॉझिटिव्ह आणि मागोमाग केलेली पीसीआर निगेटिव्ह असे होऊ लागल्यावर नैऋत्य इंग्लंडमधल्या लोकांनी व डॉक्टरांनी ओरड सुरू केली, तरी प्रयोगशाळेचे काम थांबवायला ऑक्टोबरचा मध्य उजाडला. यामुळे सुमारे ५५ हजार जादा संसर्ग आणि २३ मृत्यू झाले असावेत, असा अंदाज तिथल्या आरोग्य सुरक्षा संस्थेने नंतर मांडला. चूक पकडली ती रुग्णांनी. लॅबच्या बाहेरची तक्रार हीसुद्धा नियंत्रणाची नोंद आहे, आणि ‘हा रिपोर्ट लक्षणांशी जुळत नाही’ असा डॉक्टरचा फोन आल्यावर काय करायचे हे जिथे लिहून ठेवलेले नसते, तिथे ही नोंद हवेत विरते.

संशोधनाच्या प्रयोगशाळांत परिस्थिती अधिक अवघड आहे, कारण तिथे ना रुग्णाची तक्रार येते ना निरीक्षक. १९६६ मध्ये स्टॅनली गार्टलर यांनी दाखवून दिले की, वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वाढवल्या जाणाऱ्या अठरा मानवी पेशीवंशांत प्रत्यक्षात हेला पेशी होत्या. १९५१ साली वारलेल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या या कर्करोगपेशी इतर बशांमध्ये शिरून मूळ पेशींना पुरून उरल्या होत्या. त्यावर आधारलेले लेख तसेच राहिले आणि चुकीच्या नावाच्या पेशी त्यानंतरही दशकानुदशके वापरल्या गेल्या. २०१२ मध्ये अ‍ॅमजेन कंपनीचे माजी संशोधक ग्लेन बेग्ली यांनी कर्करोगावरच्या ५३ महत्त्वाच्या शोधांची फेरतपासणी केल्याचा अनुभव प्रसिद्ध केला; त्यातले सहाच पुन्हा मिळाले होते. गावातल्या पॅथॉलॉजी लॅबला जो एलजे चार्ट सक्तीचा वाटतो, त्याच्या तोडीचे काही नामवंत संशोधनगटांकडे अनेकदा नसते, हे त्यांच्या प्रतिष्ठेशी विसंगत आहे.

गुणवत्तेचा विषय निघाला की छोट्या लॅबचा आक्षेप ठरलेला असतो: कंट्रोल महाग, दोन पातळ्या रोज चालवल्या तर कमाई काय राहणार? आक्षेप पोकळ नाही. तालुक्याच्या गावी सेमी-ऑटो यंत्रावर दिवसाला दहा साखरा आणि पाच क्रिएटिनिन करणाऱ्याला कंट्रोलचा खर्च रुग्णामागे मोठ्या लॅबच्या कितीतरी पट पडतो. त्यात रुग्ण पाठवणाऱ्याला द्यायचा ‘कट’ मिळवला, तर बचत करायला जागा एकच उरते आणि ती रुग्णाला दिसत नाही. या कट प्रॅक्टिसविरुद्ध कायदा करण्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये समिती नेमली, मसुदाही तयार झाला आणि पुढे तो मागे पडला. तरी पैशाअभावी काहीच करता येत नाही हे खरे नाही. कालचा ईडीटीए नमुना फ्रीजमध्ये ठेवून आज पुन्हा लावता येतो. आठवड्यातून काही नमुने शेजारच्या लॅबबरोबर वाटून दोन्ही आकडे ताडता येतात. हिमोग्लोबिनला तीनने गुणून हिमॅटोक्रिट जुळतो का हे तोंडी पाहता येते. ब्रायन बुल यांनी १९७४ मध्ये सुचवलेली रीत तर फुकटची आहे: वीस-वीस रुग्णांच्या तांबड्या पेशींच्या एमसीव्ही, एमसीएचसी या निर्देशांकांची सरासरी काढत राहायचे. रुग्ण बदलतात, पण त्यांची सरासरी फारशी हलत नाही. ती हलली तर यंत्र हलले आहे.

परवडण्याच्या प्रश्नापलीकडे सक्तीचा प्रश्न उरतो, आणि तिथे राज्याची बाजू लंगडी आहे. अमेरिकेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्या ढिगाने आणि निष्काळजीपणे वाचणाऱ्या प्रयोगशाळांची बातमी १९८७ मध्ये फुटली आणि पुढच्याच वर्षी सर्व लॅबना लागू होणारा कायदा आला. भारतात प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या मंडळाची मान्यता ऐच्छिक आहे. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, आणि राज्याचा १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा मुळात रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी असे स्पष्ट केले. तो निर्णय आवश्यक होता, पण सही ही नियंत्रणाची सुरुवात आहे. एकाच डॉक्टरची सही दूरदूरच्या चार-पाच लॅबच्या रिपोर्टवर दिसू लागली की ती औपचारिकता बनते.

महाराष्ट्राने लॅबसाठी स्वतंत्र कायदा करावा आणि त्यात जागेचे चौरस फूट व फलकाचा आकार यांच्याआधी दोन गोष्टी घालाव्यात: बाह्य मूल्यमापनात सक्तीचा सहभाग, आणि बाद झालेल्या रनची, थांबवलेल्या व दुरुस्त करून पाठवलेल्या रिपोर्टची तपासणीसाठी खुली नोंदवही. वर्षभरात एकही नोंद नसलेली वही पाहिली की निरीक्षकाने तिथेच जास्त वेळ बसावे. कायदा येईपर्यंत रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांनी आपल्या नेहमीच्या लॅबमध्ये एकदा जाऊन साखरेचा गेल्या महिन्याचा एलजे चार्ट मागावा. तो दाखवायला कोणत्याही लॅबला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागू नये.